बोट जातंय का?

सुरेश भोईर यांच्यावर अन्याय झाला. बुधवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, डोंबिवली पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या करंजाखालून त्यांची लिंबू सरबताची गाडी उचलून ट्रकमध्ये टाकण्यात आली. काचेची बरणी फुटली, लिंबं गटारात गेली. आरोप असा होता की भोईरांनी झाडाला तार आवळून झाड मारायला घेतलं. आरोप खोटा होता. तो कोणी केला ते मी नावानिशी सांगणार आहे. पत्रकात ‘काही समाजकंटक’ लिहून सुटका करून घेणाऱ्यांतली मी नाही. पण आधी शिर्केकाकांच्या बोटाबद्दल सांगायला हवं, कारण ते बोट नसतं तर हा आरोप आजही खराच मानला गेला असता.

शिर्केकाका आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, काकू गेल्यापासून एकटे राहतात. सत्तरीचे आहेत. अंगाने काटक, शर्टाच्या खिशात कायम अर्धं ब्लेड, कागदात गुंडाळलेलं. भेटलात तर नमस्कार करणार नाहीत. तुमच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली उजव्या हाताची तर्जनी सरकवतील आणि विचारतील, “बोट जातंय का?” गेलं तर “छान” म्हणून पुढे निघतील. नाही गेलं तर पट्टा एक भोक सैल करतील आणि मगच विचारतील, आई कशी आहे. बायका असल्या तर दोन पावलं लांब उभे राहून बोट नुसतं हवेत दाखवतात. “तुमचं तुम्ही बघा, मॅडम.”

या बोटाने काय काय तपासलंय त्याला हिशेब नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या राण्यांच्या मुलाचं लग्न होतं. मंगलाष्टकांना दोन मिनिटं होती, नवरदेव पाटावर उभा. शिर्केकाका अक्षता घेऊन पुढे झाले, सगळ्यांना वाटलं आशीर्वाद देतायत. त्यांनी मुंडावळ्यांच्या दोरीखाली बोट घातलं आणि भटजींना म्हणाले, “थांबा जरा. रक्त अडतंय.” दोरी सोडून पुन्हा बांधली. मुहूर्त चुकला असं राणेकाकू अजून म्हणतात. नवरदेव मात्र म्हणतो, काकांनी डोकं वाचवलं. बाळाचं बारसं असो, बाकीचे नाव काय ठेवलं विचारतात, काका करदोट्यात बोट घालतात. “महिन्याने परत सैल करा. पोर जाड होतं, दोरा होत नाही.” बँकेतल्या सुरक्षारक्षकाचा पट्टा, शाळेच्या ओळखपत्राची फीत, गल्लीतल्या कुत्र्यांचे पट्टे, सगळं त्यांनी पाहिलेलं आहे. डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरली, तर यांचं बोट तिथेही. डॉक्टर म्हणाले, “शिर्के, तो आवळायचाच असतो.” काका म्हणाले, “माहीत आहे. किती वेळ तेवढं सांगा.”

चौतीस वर्षं ते कल्याणच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. पदवी नाही. खडवलीहून दहावी करून आले, काचा धुवायला लागले, आणि धुता धुता ब्लेड धरायला शिकले. देठाचा, मुळाचा, खोडाचा पातळ काप घ्यायचा आणि काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा, याला ते छेद म्हणतात. प्राध्यापक फळ्यावर खडूने जे काढायचे ते शिर्के ब्लेडने काढून दाखवायचे. मुलांना ‘सर’, मुलींना ‘मॅडम’ म्हणायची सवय तिथली. प्राध्यापक बदलले, अभ्यासक्रम बदलला, छेद शिर्क्यांचाच राहिला. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल आणि नारळ मिळाला. पुढच्या प्रात्यक्षिक परीक्षेला त्यांना परत बोलवावं लागलं, याचा मात्र कुठे उल्लेख नाही. हा उल्लेख मी आता इथे करते आहे.

त्यांच्याकडे जेवायला बसलात तर काकडीची कोशिंबीर मिळते. चकती इतकी पातळ की खालच्या वर्तमानपत्रातला मथळा वाचता येतो. “ही बघा रसवाहिनी,” म्हणतात, आणि मग त्याच्यावर दाण्याचं कूट घालतात.

माणसांचीही त्यांनी विभागणी केलेली आहे. ज्यांच्या पेशी अजून फुटतात, वाढतात, ते विभाजी. ज्यांचं काय व्हायचं ते होऊन गेलं, ते स्थायी. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष दृढ ऊती. “आतून कधीच मेलेत. पण त्यांच्याशिवाय इमारत उभी राहायची नाही.” सचिव मूल ऊती. “रिकामी जागा भरतात.” मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही प्ररोह. टोक. उंच चाललाय, चांगलं आहे. जाड व्हायचं राहिलंय.” मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, दोन मोर्चे काढलेले आणि सतरा पत्रकं लिहिलेली. राग आलेला, खोटं कशाला बोलू?

“झाड दोनच ठिकाणी वाढतं,” हे त्यांचं आवडतं भाषण. “टोकाला उंच होतं आणि सालीखाली जाड. मधलं सगळं झालेलं काम. तुम्ही लहानपणी खोडावर नाव कोरलं असेल तर आजही ते तेवढ्याच उंचीवर सापडेल, फक्त रुंद झालेलं. पण माणसं वर बघतात. पालवी आली, फुलं आली, फोटो काढा. सालीखाली एक थर असतो, ओल्या कागदाएवढा. तो आतल्या अंगाला लाकूड घालतो, बाहेरच्या अंगाला साल. रोज. जाड होताना झाड कुणालाही सांगत नाही.”

हे सगळं मला पाठ होतं. उपयोग झाला नाही.

सोमवारी संध्याकाळी माझं लक्ष करंजाकडे गेलं. उन्हाळ्याच्या तोंडावर करंज पानं टाकतात आणि लगेच लुसलुशीत, चकचकीत पालवी धरतात. ओळीतले बाकीचे तसे झालेले. हा एक मात्र पिवळा, फांद्यांची टोकं वाळलेली. खोडाला कमरेएवढ्या उंचीवर आवळल्याची खोल रेघ होती, आणि तिच्यात एका जागी तार चमकत होती. मागच्या बाजूला भोईरांची निळी ताडपत्री. तिची दोरी खोडाला. मला आणखी काय हवं होतं? मी तिथेच पायरीवर बसून फोनमध्ये लिहायला घेतलं. ‘करंजाचा गळा कोणी आवळला?’ दुसऱ्या ओळीत उत्तर.

शिर्केकाका दूध घेऊन येत होते. उभे राहिले.

“तार कुठली आहे बघितलंत का, मॅडम?”

“तार ती तार, काका.”

“तसं नसतं,” म्हणाले. वर गेले.

भोईर या मातीतलेच, शहर आलं त्याच्या आधीपासूनचे. मंगळवारी मी त्यांच्या हातात पत्रक ठेवलं. समोरासमोर जाब विचारायचा ही आमची पद्धत आहे. त्यांनी ते वाचलं. सरबताचा चमचा ग्लासातच राहिला.

“मी नाय बांधली तार, ताय. मी सुतली बांधतो, सांजचे सोरून घरी नेतो. झार मारून मना काय भेटनार? माजीच सावली हाय ना ती!”

“पुरावा समोर आहे,” मी म्हटलं.

हे वाक्य मी उच्चारलं आहे. शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनी ऐकलं आहे. त्याच दुपारी मी पालिकेकडे फोटोसकट तक्रार केली, आणि बुधवारी दहा चाळीसला ट्रक आला. आमच्या गल्लीतली कुठलीही तक्रार इतक्या लवकर कधी सुटली नव्हती. मी खूश होते, हेही लिहून ठेवते.

गाडी गेली तशी भोईरांनी ताडपत्रीही सोडून घरी नेली आणि खोडाची मागची बाजू दिवसाउजेडी पहिल्यांदा उघडी पडली. अकराच्या सुमाराला काका खाली आले. हातात पक्कड, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, मेणबत्तीचा तुकडा आणि ते अर्धं ब्लेड. करंजासमोर उकिडवे बसले. रेघेवरून बोट फिरवलं.

“बोट जात नाही. नखही जात नाही.”

रेघेच्या वर खोड फुगलेलं, खाली बारीक. लहान मुलाच्या दंडाला रबर लावल्यावर होतं तसं.

“वरच्या मजल्याला जेवण आहे,” काका म्हणाले. “पानं बनवतात आणि तिथेच साठतं. तळमजल्याला डबा पोचत नाही. मुळं उपाशी. पाणी आतल्या लाकडातून वर जात राहतं, म्हणून पानं वर्षभर हिरवी दिसतात, आणि सगळे म्हणतात, ठीक आहे की.”

त्यांनी ब्लेडने फुगलेल्या सालीचा काठ कापला. धीराने, कोशिंबिरीच्या काकडीसारखा. तार पूर्ण दिसायला लागली. पकडीने पीळ सोडला, तार हळूहळू ओढली, आणि तिच्याबरोबर सालीच्या आतून एक प्लास्टिकचा तुकडा आला. नखाएवढा, दुमडलेला. काकांनी तो शर्टाला पुसला, चष्मा वर करून पाहिला, आणि न वाचता माझ्या हातात दिला.

सत्तावीस. माझं अक्षर. माझ्या सातच्या पोटात आडवी रेघ असते.

दोन वर्षांपूर्वी राखीपौर्णिमेला आमच्या गटाने झाडांना राख्या बांधल्या होत्या. साठ झाडं, साठ राख्या, प्रत्येकीला क्रमांक. धागा पावसात कुजतो, म्हणून जस्ताची तार वापरू या, ही सूचना कुणाची? माझी. “पक्कं बसलं पाहिजे, कोणी चोरून नेता कामा नये,” असं म्हणत पकडीने पीळ कुणी दिला? मी. फोटो आहे माझ्याकडे. त्यात करंज माझ्या मनगटाएवढा आहे. आता तो पोटरीएवढा झालाय. झाड जाड होतं, तार होत नाही. बारशाला येणाऱ्या प्रत्येकाला काका हेच तर सांगत आले होते.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“संशय होता.”

“मग सोमवारी स्पष्ट का नाही सांगितलंत?”

“छेद घेतल्याशिवाय बोलायचं नाही, अशी सवय आहे.” ते तारेचं वेटोळं करत होते. “चूक झाली. सांगायला हवं होतं. त्या माणसाची बरणी फुटली.”

मग म्हणाले, “रडायचं नंतर. आधी वरच्या चार फांद्या बघा. पेन्सिलीएवढ्या, सरळ. जिवंत आहेत का नखाने खरवडून बघा.”

याला पूल बांधणं म्हणतात. त्याच झाडाच्या काड्या घ्यायच्या, दोन्ही टोकं तिरकी कापायची. एक टोक जखमेच्या वरच्या सालीखाली सरकवायचं, दुसरं खालच्या. काडीचा तो ओला थर खोडाच्या ओल्या थराला टेकला पाहिजे, बस, तेवढंच काम. टेकला तर दोन्हीकडच्या पेशी फुटतात, एकमेकींत मिसळतात, आणि जेवणाचा डबा त्या पुलावरून खाली जातो. काकांनी तीन काड्या लावल्या. चौथी मला दिली.

“उलटी धरलीत. डोळा वर.”

“फरक पडतो?”

“काडीला माहीत असतं आपलं डोकं कुठे ते. उलटी लावलीत तर रस्ता जोडलेला दिसेल, वाहतूक नसेल.”

सांध्यावर मेण, त्यावर ट्यूबची पट्टी. रबर का, तर ताणतं. ऊन चढत होतं आणि काका आकाशाकडे बघून पुटपुटत होते की काड्या संध्याकाळपर्यंत सुकतील. सावली हवी.

सावली होती ती मी सकाळीच उचलायला लावली होती.

मी भोईरांच्या घरी गेले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते चांगलं बोलणं नव्हतं, नुसतं खरं होतं. भोईर ऐकत राहिले. त्यांच्या बायकोने दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने ते ताडपत्रीचा गठ्ठा खांद्यावर टाकून आणि ओलं गोणपाट हातात घेऊन करंजापाशी आले. माझ्याकडे पाहिलं.

“आता सुतली बांधू काय, ताय? का अगोदर फोटू कारतंस?”

“बांधा,” काका म्हणाले. “बोट ठेवून बांधा.”

गुरुवारी मी दुसरं पत्रक लिहिलं. ‘गुन्हेगार सापडला.’ खाली माझं नाव, गटाचं नाव, सत्तावीस क्रमांकाचा फोटो. गटात गोंधळ झाला. “आपली बदनामी होईल.” “चळवळीचं नुकसान आहे गं.” “नाव कशाला, ‘अनवधानाने’ लिही की.” ‘अनवधानाने’ हा शब्द आम्ही इतरांच्या खुलाशांत सापडला की लाल पेनाने अधोरेखित करतो. मी नाव ठेवलं. दोघं गट सोडून गेले. तेच पत्रक घेऊन दोन दिवस पालिकेच्या कचेरीत बसले, आणि सोमवारी गाडी परत आली. एक चाक वाकडं, बरणी नाहीच. नवी बरणी मी आणली. भोईर तिच्यात लिंबू पिळतात, पण मला आता ‘ताय’ न म्हणता ‘मॅडम’ म्हणतात. काकांकडून उचललं असावं. चालेल.

उरलेल्या एकोणसाठ तारांचं काय, हे विचारायला मी काकांच्या घरी गेले. यादी, नकाशा, कोणी कुठली गल्ली घ्यायची, सगळं तयार होतं माझं. काकांनी यादी पाहिली आणि पलंगाखालून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढला.

आत तारा होत्या. प्रत्येकीचं नीट वेटोळं, प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी. बारीक, सरळ अक्षर, काचपट्टीवर लिहितात तसं. ‘करंज. दूध केंद्राजवळ. घेर इतका. कापली अमुक दिवशी.’ ‘कांचन. शाळेची भिंत.’ ‘जांभूळ. घेर इतका. अजून लागलेली नव्हती.’ एक्केचाळीस. म्हणजे अठराच बाकी. सकाळच्या फिरण्यात पक्कड घेऊन हा माणूस वर्षभर आमच्या राख्या कापत होता.

“आम्हाला सांगितलं का नाही?”

“टोक छाटलं की झाड बाजूने फुटतं. तुम्ही फुटाल की नाही, खात्री नव्हती.” मग खाली बघून, “भोईरांच्या ताडपत्रीमागे वाकायला संकोच वाटायचा. गिऱ्हाईक असायचं. म्हणून सत्तावीस राहिली.”

मी वेटोळी मोजत तळापर्यंत गेले. तळाला एक वेगळीच वस्तू होती. सोन्याची पाटली. एका जागी कापलेली, दोन्ही तोंडं फाकलेली. तिलाही तसाच दोरा, तशीच चिठ्ठी, तेच अक्षर. ‘सुमन. डावा हात.’ झाडांच्या चिठ्ठ्यांवर पुढे घेर असतो, तारीख असते. हिच्यावर पुढे काही नव्हतं.

“हात भरला होता तिचा,” काका म्हणाले. “पाटली रुतायला लागली. मी म्हटलं, हल्ली बरं जेवतेस. तीही हसली. दोन महिने हसत होतो आम्ही. सूज होती ती, मूत्रपिंडाची. दवाखान्यात नर्सबाईंनी कापली तेव्हा खाली वळ होता.” त्यांनी आपल्याच मनगटावर बोटाने रेघ ओढून दाखवली. “करंजाला होता तसा. सोनार म्हणाला, जोडून देतो. नको म्हटलं.”

पाटली त्यांनी माझ्या हातातून घेतली, तळाला ठेवली, वर एक एक करून तारा ठेवल्या.

“चौतीस वर्षं मुलांना भिंगातून दाखवत होतो मी,” म्हणाले. “चहा घेणार ना, मॅडम?” आणि ओट्याशी जाऊन आलं ठेचायच्याऐवजी ब्लेडने कापायला लागले. इतकं पातळ, की चहात ते विरघळून गेलं.

चाळीस दिवसांनी आम्ही पट्ट्या सोडल्या. चारांतल्या तीन काड्यांनी धरलं आहे. एकीवर डोळा फुटून दोन पानं आली आहेत. न धरलेली चौथी माझी. काका म्हणाले, पहिल्या वर्षाला एक काचपट्टी फुकट घालवायची सवलत असते. झाड वाचलं का? ते पुढचा उन्हाळा सांगेल, असं ते म्हणतात. पण खालची फांदी हिरवी झाली आहे, आणि भोईर तिच्याखाली उभे असतात.

आता तुम्ही. हे वाचून ‘छान लिहिलंय’ म्हणू नका. खाली उतरा. तुमच्या इमारतीसमोर, दुकानापुढे, शाळेच्या भिंतीला जे झाड आहे त्याच्याभोवती काहीतरी बांधलेलं आहे. दिव्यांची माळ, फलकाची तार, केबल, आमची राखी. त्याच्याखाली बोट घाला. जात नसेल तर आज कापा, मला विचारायला येऊ नका. जात असेल तरी पुढच्या महिन्यात पुन्हा बघा, कारण झाड थांबलेलं नाही. मग घरी जा आणि तुमच्या माणसांचे हात हातात घेऊन बघा. बांगडी, पाटली, अंगठी, घड्याळ. हसण्यावारी नेऊ नका. बोट घाला.